राक्षसाची बाग

"इतक्या उन्हात चालवत आणलं बाई, अन् राक्षस तं नुसता डांबराचा ड्रम दिसून राहिला," रुक्मा वच्छलाच्या कानाशी पुटपुटली.

तिचं खोटं नव्हतं. मरोद्याच्या तलावाजवळ नव्यानं मांडलेल्या त्या बागेतला राक्षस तीन ड्रम एकावर एक जोडून केला होता. बुरुजातल्या राजकन्येच्या साडीला क्रेनला मारायचा पिवळा रंग होता. सात समुद्र म्हणजे सिमेंटच्या सात टाक्या. पण गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची. राक्षसाचा जीव पोपटात, आणि पोपट सात समुद्रांपलीकडच्या झाडावर. सुट्टीच्या दिवशी पोलाद कारखान्याच्या कामगारांचा सगळा कॅम्प पोरंबाळं घेऊन तो जीव शोधायला यायचा.

आज यायचं वच्छलाच्या नवऱ्यानं, शामरावनं ठरवलं होतं. तो क्रेन चालवायचा. उद्या त्याची डोळ्यांची तपासणी होती. पास झाला की वितळलेलं लोखंड उचलणाऱ्या मोठ्या क्रेनवर जाणार होता. खाली उभं राहून इशारे द्यायला चंपतच पाहिजे, असं त्यानं साहेबाला सांगूनही ठेवलं होतं. चंपत म्हणजे रुक्माचा नवरा. तो गावाहून आला तेव्हा शामरावनंच त्याला कामाला लावलं, सहा महिने आपल्या ताटात जेवू घातलं. आता चंपतनं त्याला नाही कसं म्हणायचं?

आणि तपासणीत नापास झाला, तर शामराव क्रेनवरून खाली. मग क्वार्टर राहतं की जातं, कोणाला ठाऊक.

म्हणून डोळे तपासायच्या तक्त्यावरची इंग्रजी अक्षरं वच्छलानं कुठूनशी लिहून आणली होती. नऊ वर्षांची प्रेमला पंधरा दिवस बापाकडून ती घोकून घेत होती. भाकरी थापता थापता वच्छलालाही पाठ झाली. जी अक्षरं नुसती वाचायची असतात ती पाठ कशाला करायची, हे घरात कोणी कोणाला विचारलं नाही. वाटेत कोणी "जयभीम" म्हटलं की शामराव आधी आवाज ऐकायचा, मग नाव घ्यायचा. आवाजावरून माणूस ओळखण्यात तो हल्ली फार हुशार झाला होता.

झाडाखाली एक म्हातारा चौकीदार बसलेला. येईल त्याला एकच विचारायचा, "सुवा दिखिस का?" म्हणजे पोपट दिसला का. पोपट टिनाचा, हिरवा, पानांत लपवलेला. रुक्माला दिसला. चंपतला दिसला. शामराव मान वर करून उभा राहिला आणि त्यानं बोट उचललं. प्रेमलानं त्याचं कोपर हळूच उजवीकडे ढकललं.

"दिसला," शामराव म्हणाला. "झकास बनवला."

चौकीदारानं त्याच्या बोटाकडे पाहिलं, मग पोरीकडे. मग तो पुढच्या माणसाला विचारायला वळला.

टाक्यांच्या काठी सावली बघून वच्छलानं डबा उघडला. चंपत प्रेमलाला घेऊन पलीकडे गेला, राक्षसाच्या पायाशी. तीस पावलं असतील. क्रेनची केबिन त्याहून उंच असते.

तिथून चंपतनं हात केला. कामाची सवय म्हणा, नाहीतर गंमत म्हणा. रुक्माला तरी ती गंमत वाटली नाही. दोन्ही हात आडवे पसरलेले, तळवे पुढे. थांब. कॅम्पमधलं शेंबडं पोरही हा इशारा ओळखतं.

शामरावनं हसून उजवी मूठ पुढे धरली, लिव्हर धरल्यासारखी, आणि सावकाश मागे ओढली.

"खाली घे म्हणते," त्यानं बायकांना समजावून सांगितलं. "उगाच नाही मागून घेतला मी त्याले. दुसरा कोणी असता तं दहादा पुसा लागलं असतं."

रुक्माच्या हातातला घास हातातच राहिला. पलीकडे चंपतचे हात अजून पसरलेलेच होते. शेजारी प्रेमला हसत होती, ती हसायची थांबली.

वच्छलानं लोणचं पुढे केलं. खारट झालं का, म्हणून विचारलं. नाही, चांगलं झालं, रुक्मा म्हणाली. तिनं ते अजून चाखलं नव्हतं.

चंपत पोरीला घेऊन परत आला आणि चपला काढून गवतावर बसला.

"काय रे चंपत," शामरावनं विचारलं, "खाली घे म्हटलं ना तू?"

प्रश्न सहज होता, पण विचारून झाल्यावर शामरावनं मान थोडी कलती केली. उत्तराचा आवाज नीट ऐकायचा होता त्याला.

चंपतनं आपल्या बायकोकडे पाहिलं. मग टोपलीतल्या भाकरीकडे.

"हो भाऊ," तो म्हणाला. "खालीच घे म्हटलं."

"पाहा," शामराव म्हणाला, आणि त्यानं भाकरी मोडली.

रुक्मा नवऱ्याकडे पाहत राहिली, त्याच्या खांद्यांकडे, डोक्याकडे. मग तिनं वच्छलाकडे पाहिलं. मागत काहीच नव्हती. नुसती पाहत होती.

वच्छलानं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही. काढून पुन्हा लावलं. मग डबा बाजूला ठेवून तिनं शामरावच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब म्हटलं होतं त्यानं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, शेजारच्याला ऐकू जाईल एवढाच. "तुमाले दिसत नाही."