साडूंचं बोट

शिंपी आणि त्याचे साडू रोज सकाळी सायकलींवर तळ्याला चक्कर मारून येत. साडू वयाने मोठे, म्हणून कायम पुढे. खड्डा आला की ते एक हात खाली सोडून बोट दाखवत, आणि मागचा शिंपी रस्त्याकडे न बघता सायकल वळवी. सख्ख्या भावावर नव्हता एवढा त्याचा त्या बोटावर भरवसा होता.

एकदा साडूंनी चांगल्या गुळगुळीत रस्त्यावर बोट दाखवलं. सवयीने शिंपी वळला.

"तिथे तर काहीच नव्हतं, साडूभाऊ."

"वळलास ना? मग झालं तर."

परत येताना त्याच जागी गुडघाभर खड्डा होता. कडा झिजलेल्या, आत हिरवं, शेवाळलेलं पाणी. कितीतरी वर्षांचा असावा तसा.

मग हे असं वरचेवर होऊ लागलं. शिंप्याने विचारणं सोडून दिलं. आपल्याला सांभाळून नेणारं माणूस पुढे आहे, आणखी काय पाहिजे?

आज उतारावर गप्पा मारता मारता साडूंची सायकल एकदम डावीकडे गेली. पुढे रस्ता कोरडा, सपाट होता. शिंपी बोटाची वाट बघत सरळच येत राहिला.

"साडूभाऊ, काही आहे का तिथे?"

साडूंनी मागे वळून पाहिलं, नेहमीच्याच मायेने. हात मात्र दोन्ही हँडलवर होते, घट्ट.