ओला हात

घरोघरी वीज जोडण्यात हयात गेलेल्या वायरमनचा स्वतःच्या घरात एकच धाक होता. "ओल्या हाताने बटणाला शिवायचं नाही!" हे ऐकून ऐकून बायकोचे कान किटले होते. आता म्हातारपणी त्याच्या पायाची जखम कुठल्याच औषधाला दाद देईना. पट्ट्या बदलून बदलून बायको पार शिणून गेली होती.

"विजेचे झटके देऊन जंतू मारून बघू," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर पाय काढावा लागेल."

जखमेच्या दोन्ही बाजूंना तारा लागल्या. त्याने डोळे गच्च मिटले. स्टुलावर पेंगुळलेली ती उठली आणि तिने त्याचा हात धरला.

"अगं, सोड! हात ओला आहे!"

"तुमचा घामाने ओला आहे. माझा नाही," ती म्हणाली आणि तिने पकड आणखी घट्ट केली.