सोनपाणी

“एक चटई टाकायला काय झालं होतं? यांच्या कुत्र्याला तरी पोतं आहे,” अंगणात उकिडवी बसलेली सुकमाया नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली.

“गप बस. लग्नघर आहे,” हर्के सुनार म्हणाला.

महिनाभर तो नवरीच्या तिलहरीवर, म्हणजे मण्यांच्या माळेत ओवायच्या करंगळीएवढ्या सोन्याच्या नळीवर, तांदळाएवढी लक्ष्मी उठवत होता आणि ती भात्याशी बसून निखारे फुलवत होती. ती तिलहरी नवरीच्या गळ्यात कशी दिसते, तेवढं एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणून दोघं डोंगर चढून आली होती.

घरच्या म्हाताऱ्या बामणआजी, घिमिरे बज्यै, बाहेर आल्या. “पायरीवर नको रे हर्के, खाली केळीच्या पानावर ठेव.”

“बज्यै, नवरीला एकदा घालू द्या ना. माळेची लांबी कमीजास्त असली तर इथंच करून देतो.”

“अशीच कशी घालेल? तुम्हा विटाळाच्या जातीचा हात लागलाय तिला.”

बज्यैंनी बोटातली अंगठी काढून पाण्याच्या तांब्यात टाकली. सोनं बुडवलेलं ते पाणी दूर्वांनी तिलहरीवर तीनदा शिंपडलं, मग ती उचलून लक्ष्मी कपाळाला लावली. “हं, आता झाली शुद्ध. या तुम्ही.”

हर्के हात जोडून उठला. सुकमाया उठली नाही.



“बज्यै, ती अंगठी माझ्या सासऱ्यांनी घडवलीय. तिच्यावर कुठलं पाणी शिंपडलं होतं?”