गुरुजींची जागा

यमनच्या अंतऱ्यात निषादावरून गंधारावर अलगद उतरताना कुमुदताईंनी कानाची पाळी धरली. ही नाजूक जागा गुरुजींची. तरुणपणी एका मैफलीत एकदाच ऐकली आणि मनात जशीच्या तशी जपली, असं त्या प्रत्येक शिष्येला सांगत. तिथे आलं की गुरूंच्या आठवणीने हात कानाकडे जायचाच.

"ताई, त्याच मैफलीची टेप सापडली. मोबाइलवर घेऊन आलेय," गिरिजा म्हणाली.

गुरुजींचा आवाज खोलीत भरला. ताईंनी डोळे मिटले. अंतरा आला. निषादावरून गुरुजी सरळ उतरले आणि समेवर आले. ती जागा त्यांनी घेतलीच नव्हती.

"पुन्हा लाव."

पुन्हाही तेच.

"म्हणजे इतकी वर्षं मी गुरुजींच्या नावावर काहीबाही खपवत आले," म्हणत ताईंनी तानपुऱ्यावर गवसणी चढवायला घेतली. "उद्यापासून ती जागा बंद."

"असं कसं बंद, ताई? मला अजून धड येतही नाही. ऐका जरा."

गिरिजा गायला लागली. निषादावरून गंधारावर अलगद उतरताना तिने ताईंकडे पाहिलं आणि स्वतःच्या कानाची पाळी धरली.