वयवारीचे उदाहरण

मेहरूणच्या तलावावरून येणारे ऊन आधी समोरच्या निंबाच्या शेंड्यावर थांबे. मग पाण्याच्या टाकीवरून ओघळत, दोरीवरच्या साडीचा विटका रंग जरासा उजळून, खिडकीच्या गजांतून आत येई. फळ्याशेजारच्या भिंतीवर त्याच्या पट्ट्या पडत. त्या इतक्या सावकाश सरकत, की सरकताना कधी दिसतच नसत. नजर काढून पुन्हा पाहावे, तर पट्टी पुढे गेलेली असे. प्रशील रोज हे पाहत उभा राही आणि सतरंजीवर बसलेली शिकवणीची मुले सर वळण्याची वाट पाहत.

“भाऊ,” स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्या आईने, मंदाबाईंनी, हळूच विचारले, “धुळाना लोके फोननी वाट दखी राहिनात. काय सांगू?”

धुळ्याच्या स्नेहलचे स्थळ होते. तिला पाहून आल्यापासून तिचे संथ बोलणे प्रशीलच्या कानांतून गेले नव्हते. तरीही त्याने नेहमीचेच उत्तर दिले.

“सांग, मी अजून लहान आहे.”

मंदाबाई आत गेल्या. भाकरी थापण्याचा आवाज सुरू झाला.

प्रशीलने खडू उचलला. वयवारीच्या उदाहरणात तो पुस्तकातली नावे घेत नसे. एक नाव स्वतःचे, दुसरे युवराजचे, म्हणजे थोरल्या भावाचे. दरवर्षी जून उजाडला की तो फक्त दोघांची वये एकेका वर्षाने वाढवायचा. मुलांनी युवराजला कधी पाहिले नव्हते; त्यांच्या लेखी तो उदाहरणातला माणूस होता.

‘युवराज प्रशीलपेक्षा चार वर्षांनी मोठा आहे. दोघांच्या वयांची बेरीज चोपन्न. तर प्रत्येकाचे वय किती?’

“समजा, प्रशीलचे वय क्ष,” तो म्हणाला. “मग युवराजचे?”

“क्ष अधिक चार,” मुले एका सुरात म्हणाली.

पायऱ्या एकाखाली एक उतरू लागल्या. दोन क्ष अधिक चार बरोबर चोपन्न. दोन क्ष बरोबर पन्नास. क्ष बरोबर पंचवीस. प्रशील पंचवीस, युवराज एकोणतीस. प्रत्येक पायरीपुढे त्याने कारण लिहिले. अक्षर नेहमीसारखेच रेखीव होते.

“सर,” नववीतली डिंपल म्हणाली, “दरवेळी युवराजच मोठा. एकदा तरी प्रशीलला मोठा करा की. बिचारा किती वर्षं लहानच राहिलाय.”

मुले हसली. प्रशीलही किंचित हसला.

“तसं होत नाही, डिंपल. दोघांच्या वयांतला फरक कधीच बदलत नाही. हे एवढं लक्षात ठेवलं, की वयवारीत कुणी चुकत नाही.”

भाकरीचा आवाज थांबला. पिठाने भरलेले हात तसेच घेऊन मंदाबाई दारात आल्या. शिकवणी चालू असताना त्या आजवर एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“भाऊ, युवराजनं वय चोवीस शे,” त्या म्हणाल्या. “धरणगावना रस्तावर अपघात झाया, तवय तो चोवीसना व्हता. चोवीसनाच ऱ्हायी गया.”

कुणीतरी पेनचे टोपण उघडले होते, ते उघडेच राहिले.

प्रशीलने एकोणतीस पुसले. त्या जागी चोवीस लिहिले. हाताला सवय होती म्हणून तो ताळा पाहू लागला. बेरीज चोपन्न होईना. वरच्या पायऱ्या त्याने एकेक करून तपासल्या. एकही चुकलेली नव्हती. चूक पहिल्याच वाक्यात होती, जे त्याने स्वतःच घातले होते.

“मग मोठा कोण, सर?” डिंपलने अगदी हलक्या आवाजात विचारले.

प्रशीलने खडू खाली ठेवला.

“प्रशील,” तो म्हणाला. “यंदापासून.”