सदतीस नंबरचा फॉर्म

"उलटी वाक्यं उलटी मोजलीस ना?" हाल्वोरनं विचारलं.

"तीनदा!" इंगविल्ड वैतागून म्हणाली.

विद्यार्थ्यांनी भरलेल्या फॉर्मवर दहा वाक्यं, पाच सरळ, पाच उलटी. 'माझ्यात चांगलं बरंच आहे' याला हो म्हटलं की चार गुण. 'मी अगदीच बिनकामाचं माणूस आहे' याला हो म्हटलं की एकच. हे उलटवायचं राहिलं की दुःखी पोरं सुखी ठरतात. नवशिके हमखास इथंच आपटतात. इंगविल्ड आपटली नव्हती.

तरी सदतीस नंबरचा फॉर्म काही केल्या बसेना. स्वतःबद्दलच्या आदराला चाळीसपैकी अकरा. आणि विषयाची ओढ? अख्ख्या वर्गात सगळ्यात जास्त. एकही तास चुकवलेला नाही, सगळं वाचून यायचं, घरीसुद्धा डोक्यात तेच. तिचा प्रबंध तर सांगत होता की ज्याला स्वतःची किंमत वाटते, तोच मन लावून शिकतो. मग हे काय गौडबंगाल?

"एकच फॉर्म ना? काढून टाक," हाल्वोर वॅफलवर जाम थापत म्हणाला. ट्रॉनहाइमच्या विद्यापीठात तोच तिच्या प्रबंधाचा मार्गदर्शक. फॉर्मही त्यानंच आपल्या तासाला वाटून, गोळा करून आणले होते. "एकानं काय बिघडतंय?"

"शेवटी लिहिलंय, 'माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही.' हे कसं काढून टाकू, हाल्वोर?"

तो जाम थापतच राहिला. "फॉर्म निनावी आहेत. कुणाचा ते शोधायला गेलीस तर संशोधनाची परवानगी जाईल. तीन वर्षं पाण्यात."

इंगविल्डनं आपलं वॅफल बाजूला सारलं. एखाद्या पोरानं जिवाचं बरंवाईट केलं तर? खड्ड्यात गेली परवानगी!

तिनं सायकलींजवळ सिंद्रेला गाठलं. शेवटच्या रांगेत टोपी ओढून बसणारा तो.

"बरा आहेस ना रे?"

"मी? एकदम झकास! अभ्यास सोडला तर सगळं मस्त चाललंय. का गं, नापास झालो का?"

पहिल्या बाकावरच्या आऊदला विचारलं, तर ती स्वतःचं कौतुक सांगत सुटली. इंगविल्डचं डोकं पार चक्रावलं.

बुधवारी ती हाल्वोरच्या तासाला सरळ उभी राहिली. "कुणीतरी लिहिलंय, माझ्यावाचून कुणाचं अडत नाही. कोण, ते मी विचारणार नाही. पण माझं अडलंय. चारपर्यंत मी खोलीत आहे. नुसती कॉफी प्यायला या."

हाल्वोरनं घड्याळात पाहिलं. "चला, पान बावन्न."

तिनं कॉफी केली, दार उघडं ठेवलं. तीन वाजले, साडेतीन वाजले. कुणी फिरकलं नाही. चारला ती रडवेली होऊन कोट चढवत होती, तेवढ्यात हाल्वोर दारात.

झालं, आता बोलणी! "माहितेय मला, मी नियम मोडला," ती घाईनं म्हणाली. "काय करायचं ते कर."

त्यानं दार लावलं. तिनं पोरांसाठी मांडलेल्या खुर्चीत तो बसला आणि हातातली टोपी फिरवू लागला.

"फॉर्मवर वय विचारायला विसरलीस तू," तो म्हणाला. "नाहीतर सदतीस नंबर पोरांपैकी नाही, हे तेव्हाच कळलं असतं."