वाटून खाल्लेल्या गोळ्या

तासगावजवळच्या एका द्राक्षबागेच्या कडेला मेंढ्या बसवून राहिलेल्या आकारामला पुन्हा थंडी वाजून ताप आला, तेव्हा आरोग्यसेविका माया दमून पालासमोर बसली.

"आबा, मलेरियाच्या गोळ्या संपवल्या होत्या ना?"

"व्हय की. वाटून खाल्ल्या. हिला बी हुडहुडी भरली हुती. एकट्यानं कसं खायचं?"

त्याची बायको भामाबाई पदराआड हसली. "आमच्यात भाकर बी मोडूनच खात्यात, बाई."

माया म्हणाली, "पैदाशीला तुम्ही कुठला मेंढा ठेवता? दुखण्यातून तगलेलाच ना? तसंच आहे हे. अर्ध्या औषधानं मलेरियाचे कमजोर जंतू मरतात. ज्यांच्यात औषध सोसायची ताकद उपजतच असते, ते जगतात आणि त्यांची पिलावळही तशीच निपजते. डासामार्फत ती दुसऱ्याच्या अंगात गेली, तर त्यालाही हे औषध लागू पडत नाही."

आकारामची नजर मेंढ्यांकडे गेली. "म्हंजी त्यांची जात आमीच सुधारली म्हना."

"आता दुसऱ्या गोळ्या देते. दोघांना वेगवेगळ्या आणि पुऱ्या. वाटायच्या नाहीत."

त्याने हात पुढे केला नाही. आत घोंगड्याखाली त्याच्या नातीचे, राणीचे, दात वाजत होते.

"बाई," तो हळूच म्हणाला, "ल्हान हाय म्हनून कुनाला पाव-पावच गोळी दिली आसंल, तर?"